माइकसमोर उभी राहिलेली वेस्ट साइड

टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ शहर उतारावर वसलंय. उत्तरेला टेकड्या, दक्षिणेला सपाटी. पाऊस झाला की वरचं पाणी खाली धावत येतं, आणि ते ज्या ओढ्यांतून वाहतं त्यांच्या काठी शहरातली जुनी गरीब वस्ती आहे. आलासान, आपाचे, मार्टिनेझ ही त्या ओढ्यांची नावं. एरवी घोटा भिजेल एवढंही पाणी त्यांना नसतं. या सगळ्या भागाला वेस्ट साइड म्हणतात. मेक्सिकन वंशाची कुटुंबं इथे पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांच्यातल्या काहींचे पूर्वज तर टेक्सास अमेरिकेत सामील होण्याच्या आधीपासून याच मातीत होते.

९ सप्टेंबर १९२१ च्या रात्री हे ओढे फुटले. किमान ५० माणसं गेली आणि त्यातली बहुतेक वेस्ट साइडची होती, लाकडी फळ्यांच्या खोपट्यांत झोपलेली. त्यानंतर शहराने १९२६ पर्यंत ओल्मोस धरण बांधून पूर्ण केलं. धरणामुळे शहराचा मध्यभाग वाचला, म्हणजे बँका, हॉटेलं, मोठी दुकानं. ज्या ओढ्यांनी माणसं गिळली त्यांच्याकडे मात्र पुढची पन्नास वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही.

मी याच शहरात फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचं हाड मोडलेल्या, गुडघा बदललेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा चालतं करायचं, हे माझं काम. त्यामुळे वेस्ट साइडची घरं मी आतून पाहिली. बसायच्या खोलीत ग्वादालुपेच्या मातेची तसबीर, शेजारी लष्करी गणवेशातला मुलगा किंवा नातू, आणि स्वयंपाकघरात कुठेतरी दाण्यांची, मिरच्यांची फोडणी चाललेली. अशाच एका घरात, नव्वदीच्या जवळ पोचलेल्या एका बाईंच्या भिंतीवर मला वेगळाच फोटो दिसला. नगरपालिकेचं सभागृह, त्यात शे-दीडशे माणसं, बहुतेक बायका, आणि पुढे माइकसमोर एक ठेंगणी बाई हातात कागद घेऊन उभी. ‘ती मीच,’ बाई म्हणाल्या. त्यांचं शिक्षण पाचवीपर्यंत झालेलं. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. ‘आमच्या रस्त्याला गटार नव्हतं. पावसात मुलांना पाठुंगळी घेऊन शाळेत सोडायला लागायचं. मग आम्ही गेलो.’ एवढंच बोलून त्यांनी पाय उचलायचा व्यायाम पुढे सुरू केला.

‘आम्ही’ म्हणजे कोण, ते पुढच्या भेटींमध्ये थोडं थोडं कळत गेलं. त्या संघटनेचं नाव कम्युनिटीज ऑर्गनाइझ्ड फॉर पब्लिक सर्व्हिस. सगळे कॉप्स म्हणतात. स्थापना १९७४ ची. अमेरिकेतल्या लॅटिनो माणसांच्या संघटना पुष्कळ आहेत, काही हिच्याहून जुन्या, काही देशभर पसरलेल्या. पण एका गरीब वस्तीतून, तिथल्याच साध्या माणसांच्या बळावर उभी राहिलेली आणि अर्धशतक टिकलेली अशी दुसरी संघटना मला माहीत नाही. ती कशी वाढली हे सांगताना लोक आकडे सांगतात, किती पॅरिश (म्हणजे एकेका चर्चशी जोडलेल्या वस्त्या), किती सभासद, किती डॉलरची कामं. मला तिची खरी वाढ त्या फोटोत दिसते. ज्यांना कोणी कधी बोलू दिलं नव्हतं अशा शेकडो माणसांना तिने बोलतं केलं, आणि हे काम कधी थांबवलं नाही.

त्या काळचा कारभार आधी समजून घ्यायला हवा. आपल्याकडे वॉर्डाचा नगरसेवक असतो. चांगला असो वा वाईट, नळाला पाणी आलं नाही तर कोणाच्या दारात जायचं हे लोकांना ठाऊक असतं. सॅन अँटोनिओत १९७७ पर्यंत वॉर्डच नव्हते. कौन्सिलचे, म्हणजे नगरपालिकेच्या सभेचे, सगळे सदस्य अख्ख्या शहरातून निवडून यायचे. साऱ्या शहरात प्रचार करायला लागणारा पैसा ज्यांच्याकडे, तेच निवडून येणार. १९५५ पासून जवळजवळ वीस वर्षं गुड गव्हर्नमेंट लीग नावाच्या व्यापारी आणि प्रतिष्ठितांच्या मंडळाने उमेदवार ठरवले आणि बहुतेक निवडूनही आणले. मेक्सिकन वंशाची माणसं लोकसंख्येत निम्म्याच्या आसपास होती. त्यांच्यातला एखाद-दुसरा चेहरा यादीत घेतला जायचा, पण तो घेणारे दुसरेच असत. शहर उत्तरेकडे वाढत होतं, म्हणून पैसाही उत्तरेकडे जात होता.

वेस्ट साइड या आधी लढलीच नव्हती असं मात्र नाही. १९३८ मध्ये पिकान नावाचा सुकामेवा सोलणारे सुमारे १२,००० कामगार इथे संपावर गेले होते. त्यात बहुसंख्य बायका होत्या, आणि त्यांच्या पुढे होती एमा तेनायुका नावाची विशी-बाविशीतली तरुणी. मजुरी वाढवून मिळाली, पण थोड्याच काळात कारखानदारांनी यंत्रं आणली आणि हजारो हात रिकामे झाले. एमाला पुढे शहर सोडून जावं लागलं. लढा मोठा होता, पण मागे टिकणारी संघटना उरली नाही. कॉप्सकडे बघताना मला ही आठवण महत्त्वाची वाटते. तेज असलेली एक व्यक्ती पुरत नाही, हे या वस्तीने फार मोठी किंमत देऊन अनुभवलं होतं.

कॉप्स उभी करणारे संघटक एर्नेस्तो कोर्तेस याच शहरात १९४३ साली जन्मले. शिकागोमध्ये सॉल अलिन्स्की यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन या वस्त्यांतल्या माणसांना संघटित करणाऱ्या संस्थेत त्यांनी संघटनेचं शिक्षण घेतलं आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते परत आले. आल्यावर त्यांनी मोर्चा काढला नाही, जाहीरनामा छापला नाही. ते घरोघरी जाऊन बसले. चर्चच्या फादरना विचारलं की तुमच्या पॅरिशमध्ये लोक कोणाचं ऐकतात? उत्तरात नावं आली ती पुढाऱ्यांची नव्हती. चर्चची वार्षिक जत्रा भरवणारी बाई, शाळेतल्या पालक संघाची सेक्रेटरी, केली हवाई तळावर नोकरी करणारा आणि रविवारी चर्चमध्ये खुर्च्या मांडणारा माणूस. जत्रेचा हिशेब ज्या बाईला चोख ठेवता येतो, दोनशे माणसांचं जेवण वेळेवर वाढता येतं, रुसलेल्या दोन शेजारणींना एकाच स्टॉलवर उभं करता येतं, तिच्यात नेतृत्व आहे हे कोर्तेस यांनी ओळखलं. मला यात त्यांची सगळ्यात मोठी पारख दिसते. आपल्याकडेही गणपतीचा मांडव, भिशी, बचतगट हे सगळं पेलणाऱ्या अशा बायका गल्लोगल्ली आहेत आणि त्यांना नेता म्हणायचं कोणाच्या मनात येत नाही.

या सगळ्यांना त्यांनी एकच विचारलं, तुम्हाला रात्री झोप कशामुळे लागत नाही? चळवळीतल्या तरुणांना वाटत होतं की उत्तर वंशभेद, पोलिसांची दांडगाई असं काहीतरी येईल. उत्तर आलं, पाणी. पावसाचं पाणी घरात शिरतं. रस्ता खचतो. मूल ओढ्यात पडेल अशी भीती वाटते. कोर्तेस यांनी तेच धरलं. लोकांना काय छळतंय हे त्यांनाच विचारायचं, आपण ठरवून त्यांच्यावर लादायचं नाही, ही शिस्त संघटनेत तेव्हापासून आहे.

मग माणसं अभ्यासाला बसली. शिंपीकाम करणाऱ्या बायका आणि हवाई तळावरचे कारकून नगरपालिकेत जाऊन जुने नकाशे आणि अंदाजपत्रकं उलगडू लागले. त्यांना आढळलं की वेस्ट साइडच्या पाण्याच्या निचऱ्याची कामं १९४० च्या दशकातल्या आराखड्यात आधीच होती. कागदावर मंजूर, रस्त्यावर शून्य. म्हणजे इतकी वर्षं ज्याला देवाची मर्जी समजत होते तो माणसांनी केलेला निर्णय होता. ते कागद पाहिले तेव्हा काय वाटलं, असं मी माझ्या पेशंट बाईंना विचारलं होतं. ‘आधी रडू आलं,’ त्या म्हणाल्या, ‘आणि मग इतका राग आला की भीती गेली.’

ऑगस्ट १९७४ मध्ये जोरदार पाऊस झाला आणि पुन्हा घरं बुडाली. त्याच महिन्यात केनेडी हायस्कूलमध्ये सुमारे ५०० माणसं जमली आणि सिटी मॅनेजर, म्हणजे शहराचे मुख्य प्रशासकीय अधिकारी, सॅम ग्रॅनाटा यांना समोर बसवलं. आराखड्यात असून काम का झालं नाही? हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांच्या हातात आराखड्याची तारीख होती, पान होतं. पुढे कौन्सिलच्या बैठकीतही हीच माणसं गेली. खुद्द महापौरांनाही चकित व्हायला झालं आणि त्यांनी प्रशासनाला योजना आणायला सांगितलं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी निचऱ्याच्या कामांसाठी सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले.

पहिलं यश मिळालं की संघटना सैलावते, हे आपण पुष्कळदा बघतो. इथे उलटं झालं. फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांनी थेट शहराच्या धनिकांना गाठलं, कारण कौन्सिलला कोण चालवतं हे आता त्यांना कळलं होतं. जॉस्कीज हे तेव्हाचं शहरातलं सगळ्यात प्रतिष्ठित दुकान. एके दिवशी तिथे वेस्ट साइडच्या शेकडो बायका शिरल्या आणि महागाचे कोट, कपडे अंगावर घालून पाहू लागल्या. एक उतरवला, दुसरा घेतला. कोणी चोरी केली नाही, कोणी आवाज चढवला नाही. हे कायद्यात बसणारंच होतं. पण नेहमीची गिऱ्हाइकं बाहेर पडली आणि दुकानाचं कामकाज दिवसभर ठप्प झालं. दुसऱ्या दिवशी फ्रॉस्ट बँकेत रांगा लागल्या. माणसं डॉलर देऊन सेंटची नाणी मागत होती आणि ती घेऊन पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन नाण्यांचे डॉलर मागत होती. मागणी साधी होती, की या दुकानाच्या आणि बँकेच्या प्रमुखांनी आपलं वजन वापरून शहराच्या अंदाजपत्रकात वेस्ट साइडला वाटा मिळवून द्यावा.

त्या दिवशी कोट घातलेल्या एका बाईंचं बोलणं मी नीट ऐकलं. त्या म्हणाल्या की जॉस्कीजमध्ये आत पाऊल टाकायला त्यांना पोटात गोळा आला होता. इतकी वर्षं त्या बाहेरूनच काचेतून बघत होत्या. सेल्सगर्लने विचारलं, काही हवंय का? त्यांनी कोटाच्या अस्तरावरून हात फिरवला. शिवणकाम करणारी बाई. टाके सरळ आहेत की नाहीत ते आधी पाहिलं. मग बाह्या घातल्या, आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, बघतेय. शहरातल्या वर्तमानपत्रांना त्यात फक्त गोंधळ दिसला. मला वाटतं, त्या दिवशी शेकडो बायकांच्या मनातला एक अडसर निघाला, आणि तो पुन्हा कधी बसला नाही.

संघटनेचा एक मूळ नियम आहे. जे माणसाला स्वतःला करता येतं ते त्याच्यासाठी दुसऱ्याने कधीही करायचं नाही. ऐकायला हा नियम कठोर वाटतो, आणि तो कठोर आहेच. व्हर्जिनिया रामिरेझ यांची हकीकत त्यासाठी सांगायला हवी. त्यांच्या शेजारी एक म्हातारी विधवा राहायची. घर मोडकं, हिवाळ्यात ऊब नाही, दर वर्षी ती आजारी पडायची, आणि एका हिवाळ्यात ती गेली. रामिरेझ संतापून कॉप्सच्या बैठकीला गेल्या आणि म्हणाल्या, ती मेली, तुम्ही आता काय करणार? संघटकाने उलट विचारलं, तुम्ही काय करणार? त्या चिडून निघून गेल्या. पण त्यांच्या दारात नंतर एक ननबाई येऊन बसल्या, त्यांचं ऐकून घेतलं, आणि शेवटी रामिरेझ यांनी आपल्या घरी शेजाऱ्यांची बैठक बोलावली. त्यांनी कागद तपासले तेव्हा दिसलं की त्यांच्या घरांच्या दुरुस्तीसाठी ठेवलेला पैसा शहराच्या सधन भागातल्या रस्त्याकडे वळवला गेला होता. रामिरेझ कौन्सिलपुढे बोलायला उभ्या राहिल्या आणि लिहून आणलेलं भाषण विसरल्या. मग त्यांनी शेजारणीची गोष्ट सांगितली. पैसा परत आला. आठवीत शाळा सोडलेली ही बाई चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला लागली आणि कॉलेजपर्यंत गेली. नवऱ्याला हे आवडलं नव्हतं, घरात भांडणं झाली, तरी त्या थांबल्या नाहीत. घर आणि सार्वजनिक काम यांची ओढाताण आपल्याकडच्या कोणत्या बाईला अनोळखी आहे?

त्या संघटकाने तिथल्या तिथे फोन उचलून अधिकाऱ्याला चार शब्द सुनावले असते, तर कदाचित पैसा लवकर परत आला असता. पण रामिरेझ घडल्या नसत्या. आपल्याकडे भाऊ, दादा, साहेब काम करून देतात आणि आपण कृतज्ञ राहतो. वर्षानुवर्षं कृतज्ञच राहतो. म्हणून मला हा नियम अधिक मोलाचा वाटतो.

संघटनेचं अध्यक्षपदही कोणा एकाकडे साठू दिलं नाही. पहिले अध्यक्ष आंद्रेस साराबिया, केली तळावर काम करणारे. त्यांच्यानंतर बिआत्रिस गायेगो आल्या, आणि पुढे बराच काळ बायकाच अध्यक्ष होत राहिल्या. कोर्तेस यांचं नाव देशभर झालं, १९८४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पण वेस्ट साइडमध्ये माइक त्यांच्या हातात नसायचा. संघटकाने मागे बसायचं, माणसं तयार करायची. पैशाचंही तसंच. सरकारी अनुदान नाही. प्रत्येक पॅरिश वर्गणी भरते, आणि ज्यांच्या पैशावर संघटना चालते त्यांनाच ती उत्तरदायी राहते. सुरुवातीला कॅथलिक बिशपांच्या निधीतून मदत मिळाली, चर्चने पाठीवर हात ठेवला. चर्चशिवाय हे इतक्या वेगाने झालं नसतं हे मान्य करायलाच हवं.

१९७६ च्या जानेवारीत शहरात एक सार्वमत झालं. एडवर्ड्स भूजलसाठा हे शहराच्या पिण्याच्या पाण्याचं मूळ. त्याच्या डोक्यावर मोठा मॉल बांधायला परवानगी दिली गेली होती. कॉप्सने पर्यावरणवाद्यांबरोबर त्याला विरोध केला आणि मतदारांनी प्रचंड बहुमताने ती परवानगी फेटाळली. त्याच सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. उत्तरेकडच्या नव्या वसाहतींना पाण्याच्या मोठ्या वाहिन्या टाकायचा खर्च सगळ्या शहराच्या पाणीबिलातून निघत होता, म्हणजे ज्यांच्या रस्त्याला गटार नव्हतं तेही तो भरत होते. मी स्वतः उत्तरेकडेच राहते. इथली बहुतेक मराठी आणि इतर भारतीय कुटुंबं याच बाजूला आहेत, चांगल्या शाळा, रुंद रस्ते, हिरवळ. हे वाचल्यापासून नळ सोडताना मनात ती जाणीव असते. ही बाजू कोणाच्या पैशांवर उभी राहिली हे आमच्या मुलांनाही ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग वॉर्ड आले. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्याचा विस्तार होऊन त्यात स्पॅनिश भाषकांनाही संरक्षण मिळालं होतं. शहराने नवे भाग हद्दीत घेतले तेव्हा केंद्राच्या न्याय खात्याने हरकत घेतली, की यामुळे मेक्सिकन वंशाच्या मतांचं वजन कमी होतंय. तेव्हा एक तर ते भाग सोडायचे, नाही तर निवडणुकीची पद्धत बदलायची. जानेवारी १९७७ मध्ये शहराने अगदी थोड्या मतांच्या फरकाने १० वॉर्ड आणि एक महापौर अशी पद्धत स्वीकारली. त्या थोड्या मतांमागे कॉप्सच्या माणसांनी दारोदार केलेली पायपीट होती. पुढच्याच निवडणुकीत ११ जणांच्या कौन्सिलमध्ये ५ मेक्सिकन वंशाचे आणि एक कृष्णवर्णीय सदस्य आले. १९८१ मध्ये हेन्री सिस्नेरोस महापौर झाले. त्याआधी मेक्सिकन वंशाचा महापौर या शहराने पाहिला होता तो १८४० च्या दशकात.

‘आपला माणूस’ सत्तेवर आला की आपण हार घालतो आणि घरी जातो. कॉप्सने कधीही कोणा उमेदवाराला अधिकृत पाठिंबा दिला नाही, सिस्नेरोस यांनाही नाही. त्यांच्याशी सहकार्य केलं, आणि त्यांच्याशी भांडणही केलं. १९८९ मध्ये सिस्नेरोस यांचं स्वप्न असलेल्या अलामोडोम स्टेडियमसाठी विक्रीकराचं मतदान झालं. आमच्या शाळा आणि रस्ते आधी, असं म्हणत कॉप्सने विरोध केला. कॉप्स हरली, स्टेडियम झालं. पण पराभवानंतर संघटना फुटली नाही, कारण ती जिंकण्यावर उभी नव्हती.

गटारं झाली, पदपथ झाले, ग्रंथालयं झाली, केंद्राच्या सामुदायिक विकास निधीतून वर्षानुवर्षं वेस्ट साइडला कामं मिळत गेली. तरी गरिबी हटली नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटीच त्यांच्या लक्षात आलं होतं की शहराचे उद्योगपती बाहेरच्या कंपन्यांना बोलावताना इथे मजूर स्वस्त आहेत अशी जाहिरात करतात. संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठवला. १९९० मध्ये जीन बनवणाऱ्या लिव्हाय स्ट्रॉस कंपनीने इथला शिलाई कारखाना बंद केला आणि सुमारे १,००० माणसं, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बायका, एका फटक्यात बेकार झाल्या. वीस-वीस वर्षं जीनचे खिसे शिवलेले हात.

कॉप्स आणि तिची भगिनी संघटना मेट्रो अलायन्स यांनी तेव्हा मोर्चापेक्षा कठीण रस्ता घेतला. त्यांनी त्या बायकांच्या घरी जाऊन विचारलं की याआधी सरकारी प्रशिक्षणाचा तुम्हाला काय अनुभव आहे? उत्तरं सारखीच होती, की सर्टिफिकेट मिळतं, नोकरी मिळत नाही. मग ते मालकांकडे गेले. तुम्हाला कोणती माणसं मिळत नाहीत? रुग्णालयं म्हणाली, नर्स हव्यात. आधी नोकऱ्यांची हमी घेतली आणि मग त्या नोकऱ्यांसाठी शिक्षण. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रोजेक्ट क्वेस्ट सुरू झालं, त्यात कम्युनिटी कॉलेजची फी, पाळणाघर, प्रवासखर्च आणि दर आठवड्याला समुपदेशकाची भेट. याला पाठबळ देणाऱ्यांत टॉम फ्रॉस्ट होते, ज्यांच्या बँकेत एकेकाळी नाण्यांसाठी रांगा लावल्या होत्या. पुढे इकॉनॉमिक मोबिलिटी कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने या कामाचा कडक पद्धतीने अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एकाला क्वेस्टचा लाभ, दुसऱ्याला नाही. नऊ वर्षांनंतर क्वेस्टमधल्या माणसांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा वर्षाला ५,००० डॉलरहून जास्त होती. कामगार प्रशिक्षणाच्या क्षेत्रात इतका टिकलेला परिणाम फार थोड्या ठिकाणी दिसलाय. मी ज्या नर्सबरोबर पेशंटची कागदपत्रं भरते तिची आई क्वेस्टमधून शिकली. आईला बघून मुलगीही नर्स झाली.

वेस्ट साइडचं हे शहाणपण तिथेच राहिलं नाही. १९७६ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमध्ये, १९८३ मध्ये रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात अशाच संघटना उभ्या राहिल्या. त्या खोऱ्यात सीमेलगत ‘कोलोनिया’ नावाच्या वस्त्या आहेत. जमिनीचे तुकडे हप्त्याने विकले, आणि पाणी नाही, सांडपाण्याची वाट नाही. टेक्सासच्या विधिमंडळात बसगाड्या भरून माणसं जात राहिली आणि हळूहळू त्या वस्त्यांसाठी निधी मंजूर झाला. तिथे पहिल्यांदा नळाला पाणी आलं.

आज कॉप्ससमोर अडचणी आहेत. पॅरिशमध्ये येणारी माणसं म्हातारी होतायत, तरुण चर्चमध्ये फिरकत नाहीत. शहराच्या निवडणुकीत मतदान फार कमी होतं. ज्या वस्तीत कोणी राहायला तयार नव्हतं तिथे आता घरांच्या किमती आणि मालमत्ता कर वाढतायत, आणि जुन्या लोकांना घर सांभाळणं जड जातंय. करोनाच्या वर्षी पर्यटनावर जगणाऱ्या या शहरात हजारो हॉटेल कामगार बेकार झाले, अन्नदानासाठी आलेल्या लोकांच्या गाड्यांच्या रांगा देशाने टीव्हीवर पाहिल्या. तेव्हा कॉप्स-मेट्रोने पुन्हा क्वेस्टचाच अनुभव पुढे केला. नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी विक्रीकरातला दर डॉलरमागचा एक-अष्टमांश सेंट कामगारांच्या शिक्षणाकडे वळवायला मोठ्या बहुमताने मान्यता दिली. साथीच्या काळात, दारोदार जाता येत नसताना, ही माणसं फोनवर बसून एकेका मतदाराशी बोलली.

गेल्या काही वर्षांत मी त्यांच्या सभांना जाऊ लागले. माझ्या पेशंट बाईंनीच पहिल्यांदा नेलं, मी त्यांची चाकाची खुर्ची ढकलत होते. चर्चचा हॉल, पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, मागच्या टेबलावर कॉफी आणि गोड पाव. भाषण स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत. व्यासपीठावर कौन्सिलचे उमेदवार बसलेले, आणि सभेची सूत्रं शाळेच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या एका बाईच्या हातात. प्रत्येक पॅरिशचं नाव पुकारलं की तिथली माणसं उभी राहून किती जण आलोत ते सांगत होती. मग एकेक जण माइकवर येऊन आपली हकीकत सांगे, आणि शेवटी उमेदवाराला प्रश्न. आमच्या या मागणीला तुमचा पाठिंबा आहे का, हो की नाही? उत्तराला दोन मिनिटं. एक उमेदवार लांबण लावायला लागले तेव्हा त्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘सर, हो की नाही?’ हॉलमध्ये कोणी हसलं नाही, टाळ्याही वाजल्या नाहीत. सगळे उत्तराची वाट बघत होते. उत्तर आलं, हो. ते फळ्यावर नावापुढे लिहिलं गेलं.

पाहुणे गेले तसे मी निघायला उठले, पण बाईंनी हात धरून बसवलं. खरी सभा आता आहे, म्हणाल्या. वीस-पंचवीस खुर्च्या गोल ओढल्या गेल्या. प्रत्येकाने एका शब्दात सांगायचं, कसं वाटलं. मग चुका. त्या कँटीनवाल्या बाईंना एकीने तोंडावर सांगितलं की तिसऱ्या उमेदवाराला तुम्ही जास्तच वेळ बोलू दिलात. बाईंनी मान्य केलं आणि वहीत लिहून घेतलं. आणायचं कबूल केलेली माणसं एका पॅरिशने का आणली नाहीत यावर बराच वेळ बोलणं झालं, कोणाला पाठीशी घातलं गेलं नाही. शेवटी पुढच्या सभेची सूत्रं कोण घेणार हा विषय निघाला. विशीतल्या एका मुलीचं नाव आलं, ती कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकते आणि रात्री किराणा दुकानात काम करते. ती म्हणाली, मला लोकांसमोर बोलता येत नाही. माझ्या पेशंट बाईंनी खुर्चीतून वाकून तिला विचारलं, मंगळवारी संध्याकाळी मोकळी आहेस का, सरावाला ये. तिने दुकानाची पाळी बदलून घ्यावी लागेल असं सांगितलं, आणि कोणाला फोन करून पाळी बदलायची हे शेजारच्या दोघी तिच्याबरोबर ठरवू लागल्या.